रेक्झिनच्या पिशवीतले जी. आय. जो: दुरुस्तीच्या नोंदी, वेंगुर्ला २०२५

२७ एप्रिल, रविवार

पावसाआधी कौलं परतायची म्हणून माळा रिकामा केला, त्यात माझी शाळेची जुनी रेक्झिनची पिशवी खाली आली. आत अकरा जी. आय. जो (सांध्यांत वळणारे बोटभर प्लास्टिकचे सैनिक), सगळे फनस्कूल या भारतातल्या खेळण्यांच्या कंपनीचे, माझे आणि दादाचे मिळून, शिवाय एक लिओ कंपनीचा ही-मॅन, आणि श्रीखंडाच्या डब्यात बंदुका, हेल्मेटं, पाठीवरच्या बॅगा. तीसेक वर्षं माळ्यावर, वर कौलं, समोर समुद्र, म्हणजे उन्हाळ्यात भाजणं आणि पावसात भिजट हवा, दोन्ही पोटभर मिळालंय त्यांना.

अवस्था अशी की सात जणांची कंबर सुटलीय, पाय एकीकडे धड एकीकडे. चार अंगठे गेलेत. दोघांचा कमरेखालचा तुकडा मधेच चिरलाय. पाठीतला स्क्रू बहुतेकांचा गंजलेला. आणि जे पिशवीच्या अस्तराला टेकून होते त्यांची हालत सगळ्यात वाईट, एकाच्या पाठीवर आणि पोटरीवर रेक्झिनची ती बारीक खडबडीत जाळी जशीच्या तशी उमटलीय, नख लावलं तर नखाला जाणवते.

हे उन्हाने झालेलं नाही. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं मऊ पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालतात, ते हळूहळू बाहेर पाझरतं आणि शेजारी एबीएस (अशा खेळण्यांचं कडक प्लास्टिक) असेल तर त्यात शिरून त्याला मऊ करतं. खेळण्यातल्या गाडीचे मऊ टायर त्याच गाडीच्या बॉडीला टेकून राहिले की तिथे वितळल्यासारखा डाग पडतो, तो हाच प्रकार. तर पहिलं काम, पिशवी टाकून दिली. आई म्हणाली, "पिशयेक काय धाड भरली?" तिने ती परत उचलून धुवून ठेवलीय, कांद्यांसाठी.

ठरवलंय ते असं. जे पूर्ण आहेत किंवा नुसतं रबर तुटलंय ते मूळ रंगात ठेवायचे, एकही ब्रश लावायचा नाही. बाहेरच्या देशांतले जमवणारे भारतात बनलेल्या जोंच्या मागे असतात ते त्यांच्या वेगळ्या रंगांमुळेच, त्यावर रंग चढवला की संपलं. जे मोडीत निघालेत त्यांच्यावरच प्रयोग.

२९ एप्रिल

धुणं. कोमट पाणी, भांड्याचं लिक्विड, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. गरम पाणी नको, स्टिकर असेल तिथे ब्रशही नको. ही-मॅनचं डोकं मऊ व्हिनाइलचं, ते हाताला चिकटतंय. दोनदा साबणाने धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पटकन फिरवला (भुवयांवरून नाही, रंग उतरतो). चिकटपणा गेला, पण तो परत येणार कारण आतून पाझर चालूच असतो, त्यामुळे या साहेबांना वेगळ्या डब्यात ठेवलं.

डब्यातल्या सुट्या वस्तूंपैकी कुठली कशाची हे कळल्याशिवाय गोंद ठरवता येत नाही, म्हणून मिठाच्या पाण्याची टेस्ट केली. आमच्याकडे शिरोड्याचं जाडं मीठ घरात असतंच (१९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडा). आधी साध्या पाण्यात टाका, तरंगलं तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, त्याला कुठलाच घरगुती गोंद धरत नाही, नाद सोडा. बुडलं तर मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात टाका, साधारण १०० मिली पाण्याला ३५ ग्रॅम. एबीएस आणि पॉलिस्टायरीन त्यात वर येतं, पीव्हीसी तळालाच बसतं. नुसतं समुद्राचं पाणी आणून चालत नाही, ते इतकं खारट नसतं, त्यात एबीएसही बुडतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि वस्तू बोटाने हलवा, नाहीतर अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडेच तिला वर आणतात आणि निकाल चुकतो. अख्खी फिगर टाकू नका, आत लोखंड आहे.

माझ्याकडे निघालं असं: मोडलेले कमरेचे तुकडे मिठाच्या पाण्यात वर आले, एक मऊ बॅग आणि नळी तळाला, आणि दोन बंदुका साध्या पाण्यातच मजेत तरंगल्या. त्या बंदुका बहुतेक दुसऱ्याच कुठल्या जत्रेतल्या सेटच्या असणार, दादाला विचारलं तर तो म्हणतो त्या त्याच्या आहेत आणि ओरिजिनल आहेत. असो.

३ मे

स्क्रू. खाऱ्या हवेतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण मुंबई-पुण्याकडचे जे सल्ले असतात त्यात स्क्रू सरळ फिरतो, आमच्याकडे तो स्क्रूच राहिलेला नसतो.

ज्यांची फुली शाबूत होती ते मोबाइल रिपेअरवाल्याच्या सेटमधल्या नव्या धारेच्या स्टार बिटने निघाले. बिट झिजलेला असेल तर हातच लावू नका, फुली गोल झाली की खेळ संपला. फुली अर्धवट खाल्लेली असेल तर मधे रुंद रबरबँड ठेवून दाबून फिरवायचं, यात दोन निघाले. दोन स्क्रूंना सोल्डरिंग आयर्नचं टोक मोजून तीन-चार सेकंद टेकवलं, स्क्रू तापतो, भोवतीचं प्लास्टिक जरा सैल होतं, लगेच फिरवायचं. जास्त वेळ धरलं तर स्क्रूबरोबर खुंटही (स्क्रू ज्यात बसतो तो प्लास्टिकचा खांब) वितळतो. गंज सोडवायचे स्प्रे मी वापरले नाहीत, त्यातली काही द्रावणं ताणाखालच्या एबीएसला बारीक केसासारख्या चिरा पाडतात, आणि स्क्रूचा खुंट तर कायम ताणातच असतो.

एका स्क्रूचं डोकंच तुटून आलं. मग हातड्रिलने वरून कोरत गेलो, अख्खी संध्याकाळ गेली, शेवटी खुंटाचा वरचा भाग फाटला. तो माणूस आता मोडीच्या गटात. त्याचं नाव पुढे येईल.

नवे स्क्रू स्टेनलेसचे मागवलेत, इथल्या हार्डवेअरला एवढे बारीक नसतात. समुद्राजवळ ३१६ ग्रेड चांगला, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मीठ त्याला लवकर खात नाही, पण या मापात ३०४ च मिळाले. घालताना सिलिकॉन ग्रीसचं बोट. आणि हे फार महत्त्वाचं: स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा, टक्क करून जुन्या आट्यात पडल्याचं हाताला कळतं, मग सुलटा. सरळ घुसवला तर तो नवे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळात खुंट पोकळ होतो.

६ मे

रबर. ज्यांनी कधी जो उघडला नाही त्यांच्यासाठी, दोन पायांच्या मधे धातूचा आकडा असतो, तो कमरेच्या तुकड्याच्या भोकातून वर येतो, त्याला एक ओ-रिंग (रबराची गोल कडी) अडकते आणि तिचं वरचं टोक छातीच्या आतल्या स्क्रूच्या खुंटाला. एवढ्या एका रिंगवर माणूस उभा असतो, म्हणूनच तो असा वळतो. १९८२ पासूनची हीच रचना, १९८३ ला दंडात वळायची सोय आली आणि १९८५ ला मान गोळीवर आली, म्हणजे डोकं वर-खालीही बघायला लागलं. जुनी रिंग एक तर चामड्यासारखी कडक झालेली असते नाहीतर काळा चिकट गोळा. तो गोळा आधी काडीने पूर्ण काढा.

पहिल्यांदा प्लंबिंगच्या दुकानातून पारदर्शक सिलिकॉनच्या रिंगा आणल्या, पाच रुपयाला एक. दिसायला छान. ताण धरत नाहीत, पाय लोंबतात, आणि आकड्याची कड लागून एकीला चीर पडली ती दुसऱ्या दिवशी तुटली. सिलिकॉनचं हेच आहे, एकदा कापलं की फाटत जातं.

मग बंदरावर होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याच्याकडे ओ-रिंगांचा अख्खा कप्प्यांचा डबा असतो, काळ्या नायट्राइल रबराच्या. त्याने कमरेचा तुकडा आणि आकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "ह्या खंयच्या इंजिनाचा?" मी सांगितलं. मग तो स्वतःच खाली बसला आणि एकेक रिंग लावून बघायला लागला, बाहेर गिऱ्हाईक उभं. शेवटी जी बसली त्या मापाच्या मूठभर दिल्या, पैसे घेतले नाहीत.

माप डोळ्यांनी ठरवू नका, सुटा माणूस सोबत न्या. बरोबर रिंग कुठली, तर पूर्ण बसवल्यावर पायाला धरून उलटा केला तरी छाती आणि कमरेत फट पडत नाही, पण बोटांनी खेचलं तर थोडी पडते आणि सोडल्यावर मिटते. ज्यात खेचायलाच जोर लागतो ती रिंग घट्ट झाली, ती आज छान वाटते आणि सहा महिन्यांत कमरेचा तुकडा मधोमध चिरते. माझ्या दोन फिगरचे तुकडे चिरलेत तिथे आत कडक आखडलेली जुनी रिंगच होती.

सातपैकी पाच उभे राहिले. आईने ओळीने मांडलेले बघितले आणि म्हणाली, "ह्या वयात बाहुल्ये खेळतंस?" आणि मग त्यातला एक उचलून त्याचे गुडघे वाकवून बघितले.

११ मे

पिवळेपणा. एक जण पांढऱ्या कपड्यातला आहे, त्याचे हात आणि एक पाय जुन्या पंख्यासारखे पिवळट, छाती मात्र पांढरी. एबीएसमधला रबराचा अंश हवा आणि उजेडाने बदलतो त्याने हे होतं. उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. केमिस्टकडे ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं.

पार्लरमधलं क्रीम लावून करायचीही पद्धत आहे, ते जास्त तीव्र असतं, पण मे महिन्यातल्या आमच्या उन्हात ते वाऱ्याने कडेने सुकतं आणि जिथे सुकलं तिथे ढगाळ पट्टे उरतात, एका निकामी हातावर करून बघितलं. त्यापेक्षा काचेच्या बरणीत द्रव घालून सुटे भाग बुडवा. धातू, स्क्रू, रिंग काहीही आत नको. रंगवलेला भाग नको, रंग फिका पडतो. हातमोजे घाला. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत ऑक्सिजन तयार होत राहतो, झाकण नुसतं वर ठेवा. दर दोन तासांनी भाग फिरवा. आणि बरणी कातळावर ठेवू नका, पाणी इतकं तापतं की पातळ भाग वाकायची भीती, मी वाळणाच्या चटईवर आमसुलांच्या शेजारी ठेवली. आमसुलं आईने लगेच हलवली.

चार दिवसांत फरक दिसायला लागला. पाय जवळजवळ छातीच्या रंगाला आलाय. हात मागे आहेत.

२१ मे

ऊन गेलं. कालपासून जो कोसळतोय तो थांबायचं नाव नाही, मे महिन्यात असा पाऊस. कौलं अर्धीच परतून झालीत. बरणी घरात.

२६ मे

काल हवामान खात्याने जाहीर केलं, मान्सून देवगडपर्यंत आला. एरवी जूनमध्ये येणारा पाहुणा २५ मेलाच दारात. हात अजून पिवळट आहेत.

वहिनीकडे नखं वाळवायचा यूव्ही दिवा आहे तो मागून आणला. चालतो, पण तो दिवा मिनिट-दोन मिनिटांनी आपोआप बंद होतो, नखांसाठी तेवढं पुरतं. दिवसभर येता-जाता बटण दाबत बसलो. हात एक छटा उजळले, मग वहिनीचं गिऱ्हाईक आलं आणि दिवा परत गेला. छाती आणि हातात अजून फरक आहे पण तो आता शेजारी शेजारी धरला तरच दिसतो, मी इथेच थांबतोय. पेरॉक्साइडने उजळलेलं प्लास्टिक काही वर्षांनी परत पिवळं पडू शकतं, त्यामुळे शेवटच्या छटेसाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

८ जून

अंगठे. मूळ दोष असा की बंदुकीची मूठ जाड आणि अंगठा काडीएवढा, थंड प्लास्टिकमध्ये ती दाबून घातली की अंगठा गेला. ज्यांचे अंगठे शाबूत आहेत त्यांना बंदूक देताना आधी हात कपभर गरम पाण्यात (उकळतं नाही) अर्धा मिनिट बुडवा, मग घाला. काढतानाही तेच.

तुटलेल्यांचं काम असं केलं. पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचा बारीक ड्रिल धरणारा दांडा) ऑनलाइन मागवला, २८० रुपये, त्यात अर्ध्या मिमीचा ड्रिल. अंगठ्याच्या जागी सरळ खाली भोक, त्यात पितळेच्या बारीक तारेचा तुकडा, इन्स्टंट ग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. त्या तारेवर एम-सील चढवून अंगठा घडवायचा. एम-सील मळल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, लगेच लावलं तर ते बोटाबरोबरच वर येतं. ओल्या टूथपिकने आकार द्यायचा, दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर.

आधी तारेऐवजी नुसतं एम-सील लावून बघितलं होतं, सुकल्यावर बंदूक घालायला गेलो आणि अंगठा अख्खाच्या अख्खा निखळला. तार लागतेच.

आणि पावसातला इन्स्टंट ग्लू. हवेतला दमटपणा इतका की ग्लू नुसता दाखवला तरी चिकटतो, पण त्याची वाफ दमट हवेत भोवतीच्या प्लास्टिकवर पांढरी भुकटी होऊन बसते. काळ्या हातावर ती चुन्यासारखी दिसते. थेंब कमीत कमी आणि वर टेबल पंखा, एवढ्याने बरीच कमी झाली. उरलेली बडशेपेएवढ्या कापसाला खोबरेल लावून पुसली, निघाली.

२२ जून

चिरलेले कमरेचे तुकडे. इथे इन्स्टंट ग्लू निरुपयोगी, तो कडक आणि ठिसूळ, रिंगचा ओढा त्याला झेपत नाही. एबीएस असल्याची खात्री होती म्हणून एबीएसचीच पेज केली: जुन्या मोडक्या एबीएस खेळण्याचे तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, कित्येकांत आता अ‍ॅसिटोन नसतंच आणि असलं तर तेल आणि वासही असतो. शुद्ध अ‍ॅसिटोन १०० मिलीला ९० रुपये पडले, सावंतवाडीहून आणवलं. खिडक्या उघड्या, जवळ गॅस पेटलेला नको, देवासमोरचं निरांजनसुद्धा नको.

पहिला थर पांढरा आणि फुसफुशीत झाला. अ‍ॅसिटोन भराभर उडताना पृष्ठभाग गार करतं आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. खरवडून काढावा लागला, दोन दिवस फुकट. दुसऱ्या वेळी बल्बच्या उबदार खोक्यात केलं (त्याची नोंद पुढे आहे) आणि अगदी पातळ थर, मधे दोन-दोन तास. चिरेच्या आतून पितळेची तार आडवी बसवली. अ‍ॅसिटोन उडून गेलं की जागा आकसते, म्हणून जरा फुगीर ठेवून मग घासायचं. दोन दिवस हात न लावता ठेवलं. एक तुकडा मस्त धरला. दुसरा रिंग लावताच पुन्हा त्याच जागी गेला.

मिस्त्रीकडे रिंगा आणायला परत गेलो होतो तर पाय ठेवायला जागा नव्हती, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्यांची इंजिनं एकदमच उघडून पडलेली. त्याने विचारलं, "तुझे सैनिक बरे असत?"

६ जुलै

रंग. मूळ फिगरवर रंग लावायचा नाही हे ठरलेलंच, हा सगळा मोडीतल्यांचा मामला, म्हणजे स्क्रूचा खुंट फाटलेला तो, कंबर न धरलेला तो, आणि पाठीवर रेक्झिन उमटलेला तो. तिघांमधून एक पूर्ण माणूस निघतो.

स्प्रे प्राइमर मारला आणि तो डोळ्यांसमोर धुरकट पांढरा झाला. लॅकरचं दमट हवेत हेच होतं, पुन्हा तेच, द्रावण उडतं, गारवा येतो, पाणी बसतं. म्हणून खोकं केलं. थर्माकोलचा माशांचा बॉक्स (वास जाईपर्यंत लिंबू आणि राखेने घासावा लागला), त्यात ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, झाकणाला दोन भोकं, आत स्वयंपाकघरातलं थर्मामीटर. ४० अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, मऊ पीव्हीसी त्याच्या पुढे लवकर वाकतं. बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका आणि घराबाहेर जाताना बंद करा. वस्तू आधी अर्धा तास आत, मग बाहेर काढून रंगाचा पातळ हात, मग लगेच आत. याने काम झालं. पॅलेट, ब्रश, सगळं तिथेच सुकतं.

मऊ पीव्हीसीच्या बॅगेला इनॅमलचा एक हात दिला होता महिन्यापूर्वी, तो अजून बोटाला लागतोय आणि लागतच राहणार, प्लास्टिसायझर त्याला कधीच सुकू देत नाही. मऊ भागांना पाण्याचे अ‍ॅक्रिलिकच.

हरवलेल्या एका बॅगेची नक्कल एम-सीलमध्ये काढली. हुबेहूब आली. इतकी जड की पाठीला लावली की माणूस उताणा. पोकळ करायला कोरली तर फुटली. ते सोडून दिलं.

२० जुलै

तिघांतून निघालेला एक: पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, करतोय. सैनिकाचा सैनिक करण्यात मजा नाही, आणि या फिगरची जी खरी खुबी आहे, गुडघा, कोपर, मांडी सगळं वाकणं, ती माडावर चढलेल्या माणसाइतकी दुसरीकडे कुठे दिसणार. पावणेचार इंची फिगर म्हणजे साधारण १:१८, त्या हिशेबाने सगळं मोजलं.

बूट घासून काढून पावलं केली, बोटं कटरने पाडली. पॅंट मांडीपर्यंत घासून अर्धी चड्डी. रेक्झिनची जाळी उमटलेली पाठ न घासता तशीच ठेवली आणि तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, ती घामेजलेल्या उघड्या पाठीसारखी दिसायला लागली, हे ठरवून केलेलं नाही, रंग लावल्यावर कळलं. कमरेला मागे आकडी. ती पितळेच्या तारेची, आणि तिच्यात कोयता. कोयता कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्यातून, दोन पदर चिकटवून, मुठीला माडाच्या हिराचा तुकडा. शेजारचे आजोबा तरुणपणी स्वतः पाडेली होते, त्यांनी तो हातात धरून बघितला आणि म्हणाले पातं जास्त वाकडं आहे, हा विळा झाला. पुन्हा कापला. पायातल्या फासाला शिवणाचा जाड दोरा मेणात बुडवून पीळ दिला.

माड म्हणजे झावळीच्या दांड्याचा वाळलेला तुकडा, उभा. त्यावर पेन्सिलीने खुणा करून वळ्या कोरल्या.

फाटलेल्या खुंटाचं काय केलं: आत एबीएसची पेज भरून, दोन दिवसांनी नव्याने भोक पाडून स्क्रू. धरलाय, पण हा माणूस आता परत उघडायचा नाही.

३ ऑगस्ट

चेहरा. मी केलेले डोळे तीनदा पुसले. टूथपिकने, एका केसाच्या ब्रशने, पेनने, काहीही करा, माणूस दचकलेलाच दिसतो.

वाडीतल्या गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) गेलो. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला, शाळेत मूर्तींच्या मधून आडवं चालावं लागतं, मूर्ती करणाऱ्या काकांना बोलायला फुरसत नाही. रात्री जेवणं झाल्यावर ये म्हणाले. पाडेल्याचं डोकं सुटं काढून बुचावर टाचणीने लावून नेलं होतं, काकांनी ते चष्मा वर करून नाकाशी धरलं. आखणी (डोळे रेखणं) करताना त्यांचे दोन्ही कोपर पाटावर टेकलेले, दोन मनगटं एकमेकांना लागलेली, ब्रश हलतच नाही, हलतं ते बूच. मी आजवर उलटं करत होतो. पांढरा लावलाच नाही त्यांनी, कातडीच्याच रंगावर आधी वरच्या पापणीची गडद रेघ ओढली, तिला टेकवून बुबुळ, पांढरा अगदी शेवटी कोपऱ्यात टिंबाएवढा. "दोनय डोळे एकाच बाजूक बघूक होये," म्हणाले, "नायतर भूत बघल्यासारखो दिसतलो." श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी, तेवढ्यात एक रेघ.

पाच मिनिटांचं काम. मग म्हणाले मिशी पण काढू काय, आणि उत्तराची वाट न बघता काढली.

घरी येऊन त्याच पद्धतीने दुसऱ्या एका मोडीतल्या डोक्यावर करून बघितलं. काकांइतकं नाही, पण दचकलेला नाही.

१० ऑगस्ट

ही-मॅन. पाय आतल्या रबरी जोडणीवर असतात, ती सैल पडलीय, उभा केला की फेंगडा बसतो. डोकं गरम पाण्यात मिनिटभर धरून हळूहळू फिरवत काढलं, निघालं, आतली धूळ धुतली, परत बसलं. पाय मात्र अजून तसेच. इंजिनवाल्याकडची एकही रिंग इथे चालत नाही, आकारच वेगळा. धड चिकटवलेलं आहे, स्क्रू नाही, कापून उघडायची माझी तयारी नाही. थांबलंय.

१७ ऑगस्ट

ठेवायचं कसं. पॉलिप्रॉपिलिनचा झाकणाचा डबा, खाली त्रिकोणात ५ चा आकडा असतो तो. प्रत्येकाला सुती मलमलीचा तुकडा. मऊ बॅगा, नळ्या आणि ही-मॅन वेगळ्या डब्यात, कुठलंही मऊ पीव्हीसी कडक प्लास्टिकला टेकता कामा नये. सिलिका जेल, निळं पांढरट-गुलाबी झालं की कढईत हलकं भाजून परत (ती कढई मग स्वयंपाकाला नाही). बंदुका हातात ठेवून डबाबंद करू नका. आणि आपल्याकडे सवयीने कपाटात पडतात त्या डांबराच्या गोळ्या यांच्या आसपास नकोत, नॅप्थालीनची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकला मऊ करते. माळ्यावर तर नाहीच, डबा माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात.

खर्च, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: स्क्रू १८० (पन्नासचं पाकीट, अर्ध्याहून जास्त उरलेत), पिन व्हाइस आणि ड्रिल २८०, पेरॉक्साइड १२०, अ‍ॅसिटोन ९०, एम-सील दोन वेळा मिळून ८०, सिलिकॉन ग्रीस १५०, अ‍ॅक्रिलिक रंग आणि दोन ब्रश ४१०, वाया गेलेला स्प्रे प्राइमर ३२०, सिलिकॉनच्या वाया गेलेल्या रिंगा ४०. काळ्या रिंगा फुकट, आखणी फुकट, काकांना काजूगर नेऊन दिले. स्प्रे प्राइमर पावसाळ्यात घेऊच नका, ते ३२० वाचतील.

हिशेब असा की अकरापैकी आठ मूळ रंगात उभे, तिघांचा मिळून एक पाडेली, बाकीचे सुटे हातपाय डब्यात. दादा चतुर्थीला येतोय, त्याने फोनवर आधीच विचारलंय की माझे किती आणि त्याचे किती. त्या दोन तरंगणाऱ्या बंदुका मी त्याच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्यात. ही-मॅनच्या पायातली रबरी जोडणी कोणी धड न कापता बदलली असेल तर कशाची बनवली ते कळवा, सप्टेंबरात पाऊस ओसरला की तेच हातात घेणार आहे.